गरम चीज बंद

देवकाबाईच्या तोंडाला गोंदियाच्या बाजारातले हमालसुद्धा वचकून असत. कुणी गिऱ्हाईक मुरमुऱ्याच्या टोपलीत हात घालून एक मूठ तोंडात टाकायचं, "पाहून रायलो वो बाई," म्हणत दुसरी मूठ भरायचं, की हिचा आवाज पार मालधक्क्यापर्यंत जायचा.

"पाहून रायला का जेवून रायला बे? पत्रावळ मांडू का?"

शेजारच्या भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यात पुष्पाबाई सगळ्यात मोठ्यानं. ती वांगी विकायची आणि देवकाबाईच्या टोपलीला टोपली लावून बसायची. गिऱ्हाईक एकीकडून चिडून उठलं की दुसरी त्याला गोड बोलून बसवून घ्यायची. असा त्या दोघींचा धंदा.

देवकाबाई नागऱ्याच्या वाटेवरच्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीत, राहायची. घरची धानाची दोन-चार बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांची, जमीन होती. नवरा उदाराम ती कसायचा आणि धान घरात आलं की गोंदियाच्या राइस मिलात पोती वाहायचा. ही जितकी बोलकी तितका तो मुका. दिवसभरात चार शब्द बोलला तर देवकाबाई म्हणायची, "आज लई बोलले, दमले असान." पण दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या आणि भर दुपारी दंडारीचं नाचगाणं उभं राहिलं, की हाच माणूस कानावर हात ठेवून असा सूर लावायचा की जत्रेतले पाळणेवाले गिऱ्हाईक सोडून वळून बघायचे. वर्षभराचं बोलणं तो त्या एका दुपारी बोलून टाकायचा. देवकाबाई तेव्हा गर्दीत सगळ्यात पुढं बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरचा आवाज आहे तो."

त्या आवाजालाच कीड लागली.

रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकला की उदारामला ढास लागे. आधी सगळे म्हणाले, पाण्यात राहून होते. मग अंगात कणकण राहू लागली, लुगड्याच्या निऱ्यांसारखी छातीची हाडं मोजता येऊ लागली, आणि एक दिवस बांधीच्या गढूळ पाण्यात त्याच्या थुंकीतला लाल धागा तरंगताना देवकाबाईनं पाहिला. तिनं हातातली धानाची पेंढी तशीच बांधावर, धुऱ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन ती गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. पण त्याच्यापुढं माणसांची रांग होती आणि त्याच्याकडं शब्दांचा दुष्काळ होता. त्यानं नळी लावली, छातीचा फोटो काढवला आणि हिंदीत सांगितलं, "टीबी है. सुई लगेगी. महिनों लगेगी. छोडना नहीं." का सोडायची नाही, सोडली तर काय होतं, हे त्याच्या तोंडून निघालं नाही. देवकाबाईनं कंपाउंडरला विचारलं, "काऊन जी, किती महिने? मंग बरा होते का नाई?" कंपाउंडर सुई उकळत होता. मान वर न करता म्हणाला, "तुले का समजते त्यातलं? तोंडाले पदर लाव अन् लाईनीत उभी राय. रोग वाटत फिरू नोको."

सगळी लाईन तिच्याकडं बघायला लागली. जिच्या पुढं हमाल माना खाली घालत ती बाई तिथं गप्प राहिली. नवऱ्याचा दंड त्या माणसाच्या हातात होता, म्हणून गप्प राहिली. नाहीतर त्या दिवशी सुईचं भांडं रस्त्यावर आलं असतं. ज्याच्या हातात आपलं माणूस असतं तो आपल्याला काहीही बोलू शकतो, हे गरिबाला शिकवायला शाळा लागत नाही; दवाखान्याची पायरी पुरते.

सुई लागू पडत होती, हे मात्र खरं. ताप उतरला. थुंकी पांढरी झाली. पोळ्यापर्यंत उदाराम बसून ताटभर भात खाऊ लागला. पण त्या सुईनं त्याच्या कानात आवाज सुरू झाले. "भुंगे फिरतेत," तो म्हणायचा. धुऱ्यावरून चालताना दारू प्यायल्यासारखा झोक जायचा. अंग तापल्यासारखं, डोळ्यांपुढं चिलटं. टोल्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी एका शब्दात निदान केलं: सुई गरम पडते.

हा शब्द नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं आहे. आपल्या या झाडीपट्टीत माणसाच्या शरीराचा सगळा कारभार गरम आणि थंड या दोनच खात्यांत चालतो. आंबाडी थंड, वांगं गरम. ताक थंड, गूळ गरम. पोराला गोवर आला की गरम, बाळंतिणीला वारा लागला की थंड. त्यात दवाखान्याची सुई कुठं बसवायची? जी टोचल्यावर कानात भुंगे उठतात ती गरमच.

अशात बाजारात चुन्नीलाल आला.

हातगाडी, गाडीवर भोंगा, आणि उन्हात मांडलेल्या लाल रसाच्या बाटल्या. बाटलीवर डाळिंबाचं चित्र आणि दंडाच्या बेडक्या फुगवलेला पैलवान. भोंग्यातून चुन्नीलाल ओरडायचा, "अनार का रस! खून की कमी, छाती की खराबी, पुरानी खाँसी! दवा नहीं है भाइयों, फल है फल! भगवान की बनाई चीज!" धानाच्या मुलखातल्या लोकांनी डाळिंब चित्रातच पाहिलेलं. जे पाहिलेलं नाही त्याच्या गुणावर शंका घ्यायला माणूस धजत नाही.

देवकाबाई मात्र धजली. ती दुकानदारीण होती. टोपली पुष्पाबाईच्या भरवशावर टाकून ती गाडीपुढं जाऊन उभी राहिली.

"मूठभर चाखवून पोतं विकनं मलेबी येते, भाऊ. यात डाळिंब किती अन् रंग किती?"

लोक हसले. दुसरा कुणी असता तर त्यानं तिला हाकलून दिलं असतं. चुन्नीलालनं हात जोडले. गाडीखालचं स्टूल काढलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बैठिए माताजी. आप खुद दुकानदार हो, आपसे क्या छुपाना. पहले पीजिए, फिर गाली दीजिए."

गोंदियाच्या कुठल्याच माणसानं देवकाबाईला तोवर स्टूल पुसून दिलं नव्हतं. ती बसली. त्यानं काचेच्या इवल्या गिलासात रस दिला. गोड, मागून आंबट, घशाला जरा झोंबणारा, लवंगेचा वास. जीभ लाल झाली. ओठ लाल झाले. पोटात गार वाटलं.

"थंड आहे," ती म्हणाली.

"यही तो बात है!" चुन्नीलालनं मांडी थोपटली. "घर में किसको देना है?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं ते सगळं. त्यानं मान हलवत ऐकून घेतलं, मध्येच "राम राम" म्हणाला, आणि शेवटी परहेज, म्हणजे पथ्य, सांगितलं. "चाय बंद, मिर्ची बंद, बैंगन बंद, गुड बंद. जितनी गरम चीज है, सब बंद. नहीं तो रस लगेगा नहीं. और एक बात. रस जब अंदर की खराबी साफ करेगा, तो थूक में लाल लाल निकलेगा. घबराना नहीं. निकलने देना."

घरी गेल्यावर तिनं बाटली फळीवर देवाच्या बाजूला ठेवली आणि उदारामला परहेज मोजून दाखवलं. त्यानं बाटली हातात घेऊन हलवून बघितली. मग म्हणाला, "अन् सुई?"

"सुई का थंड आहे? तुमच्याच कानात भुंगे बोंबलतेत का माह्या?"

"डॉक्टर म्हने, सोडू नोको."

"तो डॉक्टर म्हने अन् तो कंपाउंडर मले सगळ्या लाईनीसमोर रोग वाटते म्हने! गरम अन् थंड एका पोटात घातलं तर कोनतं लागन? दोन्ही वाया जाईन."

उदारामनं सदऱ्याची बाही वर केली. दंडाला सुईच्या गाठी आल्या होत्या, त्यांवर हात फिरवत तो हसला. सुटका झाल्यासारखं हसला.

आणि बघता बघता तो बरा दिसू लागला! कानातले भुंगे बसले, झोक जायचा थांबला. ते सुई थांबल्यामुळं होतं. अंगावर मांस आलेलंच होतं. ते आधीच्या सुयांनी आलेलं होतं. पण घरात फळीवर बाटली दिसत होती, सुई दिसत नव्हती. सगळं श्रेय बाटलीला गेलं. देवकाबाई बाजारात आली की चुन्नीलाल भोंगा तिच्याकडं फिरवायचा. "मेरी बात मत मानो! इस माता से पूछो!" आणि देवकाबाई उठून उभी राहायची, कमरेवर हात ठेवून सांगायची, "माहा मानूस थुंकीतून रक्त टाकत होता. आता ताटभर भात खाते." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणून तर ते एवढं खपलं.

पुष्पाबाईची लेक नंदाबाई बाळंतपणाला माहेरी आलेली, तिलाही खोकला होता, तिचीही त्याच दवाखान्यात सुई चालू होती. पुष्पाबाईनं विचारलं, "माह्या पोरीले देऊ का वो?"

"दे. पन सुई बंद कर पहिले. गरम आहे ते."

चुन्नीलालनं न सांगितलेली गोष्ट देवकाबाईनं अशी सांगितली.

दिवाळी झाली. टोल्याशेजारच्या गावची मंडई भरली. मध्यंतरी उदारामला परत बारीक ताप येऊ लागला होता, रात्री बनियन घामानं भिजायचं. देवकाबाई म्हणायची, "खराबी निघून रायली." दंडारवाल्यांनी बोलावणं धाडलं तेव्हा तिनंच त्याला तयार केलं. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला फेटा. निघताना गिलासभर रस पाजला. तिला तो दाखवायचा होता, अख्ख्या मंडईला दाखवायचा होता. गोंदियातल्या त्या कंपाउंडरच्या कानावर ते जायला हवं होतं.

ऊन चांगलं चढलेलं. पाहुणे, पोरंबाळं, जिलेब्यांचे घाणे. ढोलकी घुमली, टिपऱ्या सुरू झाल्या. उदाराम पुढं आला, कानावर हात ठेवला. पहिला सूर लागला आणि देवकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तोच आवाज! दुसऱ्या ओळीला तो चढला. तिसऱ्या ओळीला थांबला. लोकांना वाटलं, दम घेऊन रायला. त्याला ढास आली, तो वाकला आणि तोंडावर धरलेल्या हाताच्या बोटांमधून लाल धार सदऱ्यावर आली.

बायका किंचाळल्या. देवकाबाई ताडकन उठली आणि दोन्ही हात वर करून गर्दीवर ओरडली, "घाबरू नोका! रस आहे! रस पेऊन आला तो! रस आहे जी!"

लोक हसले सुद्धा. एकजण म्हणाला, "अबे, पेला तर पचवाले पायजे ना!" ढोलकीवाल्यानं परत थाप दिली. उदारामनं बायकोकडं बघितलं. मग परत ढासला. या वेळी जे आलं ते गरम होतं, गाठी-गाठींचं होतं आणि थांबत नव्हतं. देवकाबाई धावली, पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता पदर नाकाशी नेला. लवंगेचा वास नव्हता.

तिचं ओरडणं तिथंच बंद झालं.

दिराच्या बंडीत घालून त्याला दवाखान्यात आणलं. सेवकराम, उदारामचा धाकटा भाऊ, बैलांच्या शेपट्या पिरगाळत रडत होता. डॉक्टरनं कागद काढला, सुईच्या तारखा पाहिल्या आणि ओरडला. ज्या दिवशी चार शब्द समजावून सांगायचे त्या दिवशी त्याला वेळ नव्हता. ओरडायला आज होता. "किसने बोला बंद करो? किसने?"

"गरम पडत होती जी," देवकाबाई म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिला. त्याला त्या वाक्यातलं काही कळलं नाही, आणि तिला त्याच्या नजरेतलं सगळं कळलं.

सुई परत सुरू झाली. या वेळी देवकाबाईनं एक खाडा पडू दिला नाही. मुरमुरे सोडले, टोपली उपडी घातली, रोज नवऱ्याला घेऊन दवाखाना. कंपाउंडर बोलला ते ऐकून घेतलं. पण मध्ये सोडलेली सुई परत धरली की नेहमी लागतेच असं नाही. आतला रोग तिला ओळखून निर्ढावतो. हे डॉक्टरनं आता सांगितलं. आता! कानातले भुंगे परत आले, ताप मात्र गेला नाही. माघातल्या एका सकाळी, अंगणात उन्हाला बसवलेलं असताना, उदारामनं पाणी मागितलं. ती पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत त्याची मान खांद्यावर कलली होती.

त्याआधी एक गोष्ट तिनं केली होती. मंडईच्या दुसऱ्याच दिवशी ती पुष्पाबाईच्या दारात गेली. "नंदाची सुई सुरू कर. आत्ताच्या आत्ता. तो रस ओतून दे."

"तूच म्हनली ना बंद कर?"

"मीच म्हनली. मीच म्हनून रायली, सुरू कर."

पुष्पाबाईनं लेकीला उचलून दवाखान्यात नेलं. नंदाबाई वाचली, सुईनं एका कानानं बहिरी झाली, पण वाचली. पुष्पाबाईनं मात्र आपली वांग्यांची टोपली उचलली आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. उभ्या जन्मात ती देवकाबाईशी परत बोलली नाही.

तेरावं झाल्यावर देवकाबाई बाजारात आली ती सरळ हातगाडीपुढं. भोंगा चालू होता.

"माहा मानूस मेला," ती म्हणाली.

चुन्नीलालनं भोंगा खाली ठेवला. परत हात जोडले, परत स्टूल काढलं. ती बसली नाही.

"बहुत बुरा हुआ, माताजी. परहेज टूटा होगा."

"तू सांगितलं गरम बंद. मी सुई बंद केली."

"मैंने सुई का नाम लिया था क्या?" तो अगदी हळू म्हणाला. "इतने लोग खडे हैं, इनके सामने बोलिए. लिया था?"

बाजार थांबला. लोक तिच्या तोंडाकडं बघत होते. त्या तोंडानं कधी कुणाची गय केली नव्हती. आता एक खोटा शब्द पुरला असता. "हो, घेतलं होतं" एवढंच. लोकांनी गाडी उलथून टाकली असती. पण देवकाबाईनं आयुष्यात मापात मारलं नव्हतं आणि बोलण्यात मारलं नव्हतं.

"नाई," ती म्हणाली. "नाव नाई घेतलं."

गर्दीतून कुणी म्हणालं, "मंडईत चाय पेला होता म्हने." दुसरं म्हणालं, "वांग्यावालीच्या बाजूले बसत होती ना, खाल्लं असन वांगं." माणसं पांगली. चुन्नीलालनं भोंगा उचलला. त्याच्या आवाजात काही फरक नव्हता. असली माणसं शिताफीनं बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातली रिकामी जागा आपण आपल्या अडाणीपणानं भरतो. फाशी द्यायला दोर त्यांचा असतो, गाठ आपल्या हातची असते. कायद्याला फक्त गाठ दिसते.

दुसऱ्या दिवसापासून देवकाबाईनं मुरमुऱ्याची टोपली हातगाडीच्या समोर मांडली. कुणी बाटलीला हात लावला की ती बसल्या जागेवरून सांगायची, "सुई सोडू नोका. माहा मानूस सोडून मेला." पूर्वीसारखी ओरडत नव्हती, साधं सांगायची. चुन्नीलालनं गाडी मालधक्क्याकडं नेली. तिनं टोपली तिकडं नेली. त्यानं शिपाई आणला. शिपायानं टोपलीला लाथ मारली, मुरमुरे चिखलात गेले. ती परत आली. लोक तिला वेडी म्हणू लागले, आणि वेडीचे मुरमुरे कोण घेणार? गिऱ्हाईक तुटलं. सेवकराम येऊन म्हणाला, "वहिनी, घरी चाल. लोकं हसून रायले." ती म्हणाली, "हसू दे भाऊजी. हसताना बाटलीवरचा हात तरी थांबते त्यायचा."

पण हात थांबत नव्हते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडीपट्टीतल्याच प्रतापगडाकडला एक माणूस बाजारात आला. गालफडं बसलेली, खांद्यावर पंचा, तोंडावर मूठ धरून ढासत होता. त्यानं बाटली उचलून उन्हात धरली, आतला लाल रंग बघितला. मग टोपलीकडं वळला.

"माय, तुह्याच घरचा मानूस या रसानं बरा झाला म्हनते ना? आमच्या गावापर्यंत नाव आहे तुहं."

"मेला तो," देवकाबाई म्हणाली. "तुही सुई चालू आहे का बापा?"

"आहे ना. लई गरम पडते."

"सोडू नोको. जीव जाईन."

त्यानं तिच्याकडं बघितलं. अंगावरच्या फाटक्या लुगड्याकडं, धूळ बसलेल्या मुरमुऱ्यांकडं. मागून चुन्नीलालनं स्टूल सरकवलं आणि फडक्यानं पुसलं. "आइए बाबूजी, बैठिए. धूप बहुत है."

तो माणूस जाऊन स्टुलावर बसला.